पडीक रानातला मेटल डिटेक्टर: कस लागतो तो कॉइलचा

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे मेटल डिटेक्टर पूर्वी वरच्या श्रेणीतच मिळत असत. २०१८ साली माइनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स या यंत्राने हे तंत्र मधल्या श्रेणीत आणले आणि पुढे गॅरेटचे एपेक्स, नोक्टाचे लेजंड अशी यंत्रे त्याच वाटेने आली. या श्रेणीतल्या एका यंत्राचे हे परीक्षण आहे. यंत्राचे नाव मुद्दामच घेतलेले नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी लिहायचे आहे ते बहुतांशी या सगळ्याच श्रेणीला लागू पडतात आणि घेणाऱ्याने नाव पाहण्याआधी काय पाहावे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. परीक्षणाची जमीन मात्र एकाच प्रकारची आहे: वर्षानुवर्षे नांगर न लागलेली, गवत, झुडपे आणि पालापाचोळ्याने झाकलेली. शोध नाण्यांचा आहे.

डिटेक्टरची परीक्षणे बहुधा मोकळ्या, सपाट जमिनीवर केलेली असतात आणि त्यांत पहिला प्रश्न खोलीचा असतो: नाणे किती सेंटीमीटरवर वाजले? रान माजलेल्या जमिनीवर हा प्रश्न मागे पडतो, कारण तिथे कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची चकती, मुळात जमिनीपर्यंत पोचते का, हेच आधी पाहावे लागते. कॉइलमधून निघणारे चुंबकीय क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने क्षीण होते आणि नाण्यात उत्पन्न झालेल्या प्रवाहाचे क्षेत्रही परतीच्या वाटेवर तसेच क्षीण होते. म्हणजे अंतराचा फटका दोनदा बसतो. यंत्राबरोबर येणारी कॉइल ११ इंची, म्हणजे सुमारे २८ सेंटीमीटर व्यासाची आहे. एवढ्या व्यासाच्या साध्या गोल कॉइलचा हिशेब मांडला, तर १५ सेंटीमीटर खोलीवरच्या नाण्याचा सिग्नल, कॉइल जमिनीपासून ५ सेंटीमीटर उचलताच जवळपास एक तृतीयांशावर येतो आणि १० सेंटीमीटर उचलल्यावर सुमारे एक सप्तमांश उरतो. गवताच्या शेंड्यांवरून कॉइल तरंगत नेणारा माणूस एवढे गमावत असतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण जे वाजलेच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही.

११ इंची कॉइलबद्दल आधी चांगले ते सांगतो. गवत वाळून आडवे झाले असेल किंवा कोयत्याने मुळाशी कापून बाजूला सारले असेल, तर ही कॉइल पट्टे मारत पुढे जाण्यासाठी उत्तम आहे. ती डबल-डी रचनेची आहे, म्हणजे पाठवणारे आणि घेणारे असे दोन वेटोळे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले आहेत. त्यामुळे तिचा प्रभावी भाग मधोमध पुढून मागे जाणाऱ्या अरुंद पट्ट्यासारखा राहतो आणि खनिजयुक्त मातीचा गोंगाट कमी होतो. पण हीच कॉइल गवताच्या थोंबांमध्ये, म्हणजे दाट उंच जुडग्यांमध्ये, नेली की तिची परिस्थिती बिकट होते. एक कड थोंबावर चढते, दुसरी खाली लोंबते, कॉइल तिरपी होते आणि जमिनीपासूनचे अंतर प्रत्येक फेरीत बदलत राहते. बदलत्या अंतरामुळे मातीचा प्रतिसादही बदलतो, त्याचा आवाज हेडफोनमध्ये कुरकुरीसारखा येत राहतो आणि खोल नाण्याचा बारीक सूर त्यात बुडून जातो. संवेदनशीलता वाढवून हा तोटा भरून काढता येईल असे वाटते. प्रत्यक्षात गोंगाटही तितकाच वाढतो. दवाने किंवा पावसाने गवत भिजलेले असेल तर ओली पाती कॉइलवर घासताना खोटे सिग्नल येतात, विशेषतः संवेदनशीलता वर नेलेली असताना. जाड देठावर कॉइल आपटली तरी तेच होते. हा या एकाच यंत्राचा दोष मानता येणार नाही, पण निर्मात्यांनी माहितीपत्रकात त्यावर एक ओळ लिहायला हरकत नव्हती.

खरा फरक पडतो तो ६ इंची कॉइल लावल्यावर. ही कॉइल वेगळी घ्यावी लागते आणि मोकळ्या हवेत नाणे धरून चाचणी केली तर ती मोठ्या कॉइलपेक्षा उथळ ठरते, म्हणून बहुतेकजण ती विचारातच घेत नाहीत. पडीक रानात मात्र ती दोन थोंबांच्या मधल्या फटीत, झुडपाच्या बुंध्यालगत, उघड्या पडलेल्या मुळांच्या बेचक्यात सपाट टेकवता येते. मोठी कॉइल जिथे जमिनीपासून चार बोटे वर अडून बसते, तिथे लहान कॉइल मातीला चिकटून फिरते, आणि वर सांगितलेला अंतराचा हिशेब पाहिला तर कागदावरची उथळ कॉइल प्रत्यक्षात अधिक खोल पाहते. माझा अनुभव असा, की मोठ्या कॉइलने सावकाश, आडवे-उभे तपासून सोडलेल्या जागेतही लहान कॉइलने झुडपांच्या बुडाशी पुन्हा फिरल्यावर नाणी वाजली. ती फार खोल नव्हती. साधारण वीतभराच्या आतच होती. त्यांच्यावर आजवर एकही कॉइल सपाट टेकलेली नव्हती, एवढेच.

लहान कॉइलचा तोटाही मान्य करायला हवा. एका फेरीत ती जवळपास निम्मीच जमीन व्यापते, म्हणून मोठे क्षेत्र तिने झाडून काढायचे ठरवले तर कंटाळा येतो आणि कंटाळलेला हात कॉइल उचलू लागतो. माझी पद्धत अशी, की मोकळ्या पट्ट्यांत मोठी कॉइल वापरावी, जुन्या पायवाटेच्या कडा, पडक्या भिंतीचा पाया, मोठ्या झाडाची जुनी सावली अशा जागा त्यातून निवडाव्यात आणि मग तेवढ्याच जागा लहान कॉइलने इंच इंच तपासाव्यात. नाणी पडतात ती माणसे बसली, थांबली, ओणवी झाली तिथे. सगळ्या रानावर ती सारखी विखुरलेली नसतात.

यंत्राच्या बांधणीविषयी. वजन सव्वा किलोच्या आसपास आहे आणि तोल चांगला साधलेला आहे; मनगटावर ताण येतो तो वजनापेक्षा गवतातून कॉइल ओढण्याचा. तीन तुकड्यांची दांडी आखूड करता येते, आणि झुडपांखाली वाकून काम करताना ही सोय फार उपयोगी पडते. मधल्या दांडीची खटक्याची पकड मात्र मला पुरेशी भक्कम वाटली नाही: काटेरी फांद्या बाजूला सारत कॉइल पुढे रेटली की दांडी हळूहळू फिरते आणि कॉइल पुन्हा सरळ करावी लागते. कॉइलची वायर दांडीभोवती घट्ट गुंडाळून वरच्या आणि खालच्या टोकाला पट्टीने बांधावी. सैल वायर काट्यांत अडकते, आणि शिवाय कॉइलजवळ हलली की स्वतःच खोटा सिग्नल देते. हेडफोन बिनतारी आहेत, आणि जो माणूस झुडपांत शिरणार आहे त्याने या सुविधेला चैन समजू नये. तारेचे हेडफोन प्रत्येक फांदीला अडकतात. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तोवर कॉइल नाण्याच्या पुढे गेलेली असते. या यंत्राबरोबर येणारे हेडफोन कमी विलंबाचे आहेत आणि सूर कॉइलच्या हालचालीशी जुळून ऐकू येतो.

कॉइलवरचे प्लास्टिकचे झाकण खडे आणि खुंट यांपासून संरक्षण देते, पण त्याच्या आत गवताचा भुगा आणि ओली माती साचते. त्या मातीत लोहखनिज असेल तर ती यंत्राला सतत जमिनीचाच भाग म्हणून ऐकू येते. विश्रांतीला बसल्यावर झाकण काढून पुसण्याची सवय ठेवावी.

मातीशी जुळवून घेण्याची क्रिया, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, या यंत्रात आपोआप किंवा हाताने करता येते. धातू नसलेली जागा शोधून कॉइल काही वेळा वर-खाली करायची आणि आवाज स्थिर झाला की पुढे जायचे. पडीक जमिनीत हे एकदा करून भागत नाही. जिथे कधीकाळी पालापाचोळा किंवा तोडलेली झुडपे जाळली गेली असतील, तिथली माती तापून अधिक चुंबकीय झालेली असते; वरून ती जागा आता इतरांसारखीच हिरवी दिसते, पण कॉइल तिच्यावर आली की पसरट, घोगरा आवाज येतो. अशा जागी ग्राउंड बॅलन्स नव्याने केल्यावर आवाज शांत झाला तर तो मातीचा होता असे समजावे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालण्याचा सर्वांत मोठा लाभ मला इथेच दिसला. एकाच फ्रिक्वेन्सीच्या जुन्या यंत्राला ज्या डागांवर काहीच नीट सांगता येत नव्हते, तिथे हे यंत्र माती आणि धातू बऱ्याच अंशी वेगळे करते.

आता लोखंड. जुनी वस्ती मोडून रान झालेल्या जागी खिळे, नाल, तारांचे तुकडे आणि कड्या यांचा खच असतो, आणि त्यांच्याशेजारी पडलेले नाणे त्यांच्या आवाजाखाली झाकले जाते. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधताना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या यंत्रालाही पलंगातल्या पोलादी तारांनी असेच गोंधळात टाकले होते. अडचण तेव्हापासूनची आहे. यावर या यंत्रात दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे एका वस्तूचा सिग्नल संपवून दुसऱ्यासाठी मोकळे होण्याचा वेग वाढवणे. वेग वाढवला की खिळा आणि नाणे वेगवेगळे ऐकू येतात, पण थोडी खोली कमी होते. दुसरा उपाय पुन्हा लहान कॉइलच, कारण तिच्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात. दोन्ही एकत्र वापरले तर खिळ्यांच्या गर्दीतही चांदीचा किंवा तांब्याचा उंच सूर फुटून बाहेर येतो. लोखंडाचा आवाज पूर्ण बंद ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. तो ऐकू येत राहिला तरच माणसांची वस्ती कुठे होती ते कळते, आणि आवाज बंद ठेवला तर ज्या खिळ्यांच्या दाटीत नाणे असण्याचा संभव सर्वाधिक, ती जागा निर्जीव समजून आपण पुढे निघून जातो.

चपटे, गंजलेले लोखंड मात्र या यंत्रालाही फसवते. बाटल्यांची दातेरी झाकणे, वायसर, कड्या यांचा सूर नाण्याइतकाच उंच येतो. अशा वेळी कॉइलचा मध्य सिग्नलवरून हळूहळू मागे ओढत न्यावा: झाकण असेल तर कॉइलच्या कडेपाशी आवाज तुटतो आणि त्यात लोखंडाची घरघर मिसळते, नाणे असेल तर सूर बारीक होत जाऊन स्वच्छ संपतो. ॲल्युमिनियमवर असा कोणताही उपाय नाही. डब्यांच्या कड्या, सोन्याच्या लहान अंगठ्या आणि तांबे-निकेलची काही नाणी पडद्यावर, वस्तू कोणत्या धातूची असावी ते सुचवणारे, जवळजवळ सारखेच आकडे दाखवतात, म्हणून मधल्या आकड्यांची वस्तू खणूनच पाहावी लागते. या बाबतीत पडीक जमिनीचा एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. गवत कापायच्या यंत्राने नियमित कापल्या जाणाऱ्या गवतात पेयांचे डबे पात्यांखाली सापडून त्यांच्या चिंध्या होतात आणि प्रत्येक चिंधी नाण्यासारखी वाजते. रानात डबा अखंड राहतो, त्याचा आवाज कॉइल फूटभर उचलली तरी मोठा येतो आणि तो न खणताच सोडून देता येतो.

पडद्यावरच्या आकड्यांवर किती विसंबावे? उथळ, सपाट पडलेल्या नाण्यावर आकडा स्थिर असतो. खोली वाढली, नाणे उभे असले किंवा शेजारी खिळा असला, की आकडा डळमळतो. एका काटेरी झुडपाच्या बुंध्याशी लहान कॉइलखाली एक सिग्नल मिळाला. एका दिशेने फिरवताना उंच सूर, काटकोनात वळून फिरवताना निम्म्या वेळा लोखंड आणि निम्म्या वेळा काहीच नाही. आकड्याकडे पाहून ती जागा कोणीही सोडली असती. खुरप्याने मुळांची जाळी तीन बाजूंनी कापून गवताचा गड्डा बिजागरीसारखा उलटवला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला, मुळांच्या तंतूंमध्ये, तांब्याचे एक नाणे कडेवर उभे अडकलेले होते. हिरव्या पुटावर मुळांच्या बारीक रेषा उमटल्या होत्या आणि दोन बोटांवर एक वाकलेला खिळा होता. उभ्या नाण्याचा फार थोडा भाग कॉइलच्या क्षेत्राला सामोरा येतो, म्हणून ते एकाच दिशेने वाजत होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: उंच सूर एकाच दिशेने पण दरवेळी त्याच ठिकाणी येत असेल, तर खणायचे; दरवेळी जागा बदलत असेल, तर पुढे जायचे.

मुळांच्या जाळीत काम करताना पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, अत्यावश्यक आहे. तो या यंत्राबरोबर येत नाही. मातीच्या ढेकळात नाणे कोणत्या बाजूला आहे हे त्याने कळते आणि खुरप्याचा घाव नाण्यावर बसत नाही. काही पिनपॉइंटर सुरू करताच डिटेक्टर किंचाळू लागतो, कारण दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळतात. फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असलेला पिनपॉइंटर घ्यावा. खणण्यासाठी एका कडेला दाते असलेले अरुंद, भक्कम अवजार लागते, कारण साधे खुरपे बोटाएवढ्या मुळापुढे हार मानते. गड्डा उलटवून काम झाल्यावर तो तसाच परत बसवून दाबावा. मुळे एका बाजूने जोडलेली राहिली तर गवत पुन्हा धरते. जाड हातमोजे घालावेत आणि हात घालण्याआधी गवतात काठी आपटावी. नाणे सापडल्यावर ते बोटांनी घासू नये. मातीतले खडे चांदीवर ओरखडे काढतात आणि तांब्यावरचे पूट निघाले की बहुधा अक्षरेही जातात.

न नांगरलेल्या जमिनीबाबत आणखी एक गोष्ट यंत्र वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवी. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात आणि पृष्ठभागावरच्या वस्तू हळूहळू खाली जातात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली निरीक्षणांसह मांडले. नांगर लागलेला नसेल तर वस्तू ज्या थरात गेली त्या थरातच राहते, आणि तिच्याबरोबरच्या राखेचा, खापराचा, खिळ्याचा संबंध टिकून असतो. म्हणून एकाच खड्ड्यात दुसरे, तिसरे नाणे लागले, खापराची कड दिसली, तर खणणे तिथेच थांबवायला हवे. २०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना डिटेक्टरवर एक विचित्र सिग्नल मिळाला. नाण्यांनी भरलेल्या मडक्याचा अंदाज येताच त्यांनी खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना कळवले. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली. ती थराथराने काढल्यामुळेच सर्वांत अलीकडच्या काळातली बरीचशी नाणी मडक्याच्या खालच्या भागात होती हे कळले, आणि ती वर्षानुवर्षे साठवलेली नसून एकदमच ठेवलेली असावीत, हा निष्कर्ष काढता आला. घाईने उपसलेल्या मडक्यातून हे कधीच कळले नसते.

कायदा देशागणिक वेगळा आहे. भारतात निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, १८७८ चा अधिनियम आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा कायदा आहे, आणि आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायलाच आधी सरकारी संमती लागते. रान माजलेली जमीन बेवारस दिसली तरी तिला मालक असतो आणि संरक्षित स्मारकाची हद्द झुडपांत दिसत नाही. ही चौकशी आणि लेखी परवानगी यंत्र बाहेर काढण्याच्या आधीची पायरी आहे.

यंत्र घ्यावे की नाही, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर. ज्यांना प्रामुख्याने मोकळ्या शेतात किंवा किनाऱ्यावर फिरायचे आहे त्यांना ११ इंची कॉइल पुरेल. ज्यांची जमीन झुडपांनी भरलेली आहे त्यांनी वरच्या मॉडेलसाठी पैसे वाढवण्याऐवजी याच यंत्राला ६ इंची कॉइल आणि चांगला पिनपॉइंटर जोडावा. वरच्या मॉडेलची जादा खोली थोंबांच्या वर तरंगणाऱ्या कॉइलच्या उपयोगी पडत नाही. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: लहान कॉइल याच यंत्रासाठी आत्ता उपलब्ध आहे का, कारण कॉइलमध्येच इलेक्ट्रॉनिक भाग असल्यामुळे एका यंत्राची कॉइल दुसऱ्याला सहसा चालत नाही, कॉइल दांडीला जोडणारे बोल्ट आणि रबरी वायसर सुटे मिळतात का, कारण रेटारेटीत आधी तेच झिजतात, आणि आतली बॅटरी जुनी झाल्यावर बदलून मिळते का. बॅटरी पूर्ण भरल्यावर दिवसभराच्या कामाला पुरते, आणि थंडीत थोडी कमी टिकते. पडदा कडक उन्हात वाचता येतो. झाडाखालच्या अंधारात त्याचा मागचा प्रकाश लावावा लागतो आणि तो मंद ठेवला तरी पुरतो.